एस२००० मध्ये एवढं आहे तरी काय?

प्रश्न: होंडाने ही दोन सीटची स्पोर्ट्स कार २००९ मध्ये बंद केली. तरी इथे न्यू जर्सीत जुनीचे भाव ऐकून घाम फुटतो. कशासाठी?

उत्तर: माझ्याकडे २००२ ची आहे. दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, तरी ९००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) चढतं. सहा हजारांखाली गरीब गाय. वर गेलं की व्हीटेक, म्हणजे होंडाची यंत्रणा, इंजिनच्या झडपा उघडणारा कॅम बदलते आणि आवाजच फिरतो. गिअरचा दांडा मनगटानेच खट्कन पडतो. डिकी मात्र नावालाच, बायको रोज ऐकवते.

दुसरे: पावसात जपा हो, मागच्या चाकांची पकड सुटते.

उत्तर देणारे: सुटली होती एकदा, एक्झिटच्या वळणावर. टायर घासलेले, चूक माझीच. विकणार मात्र नाही, विचारू नका!