पाळीच्या दुखण्यावर ऑनलाइन वर्ग कोणी केलाय का? लवकर सांगा

तापीकाठची (चोपडा): बहिणीसाठी विचारतेय. पाळीत इतकं दुखतं की कॉलेज बुडतं. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, ऑनलाइन वर्ग लाव, दुखणं कसं तयार होतं ते शिकवतात. नुसतं शिकून दुखणं कमी होतं का? फी आज रात्रीपर्यंत भरायची आहे.

भुसावळ_लाइन: वय काय? कधीपासून? सोनोग्राफी झाली का? काहीच सांगितलं नाही तुम्ही.

केळीबाग: ओवा-गूळ घालून कोमट पाणी द्या. आमच्याकडे सगळ्या पोरींना तेच.

मायघर: लगीन व्हयनं की आपोआप कमी व्हस वं बाई.

साक्रीरोड: मायघर, हेच ऐकून कितीतरी जणी सोसत बसल्या. कृपा करून असं सांगू नका.

तापीकाठची: वय १९. गेल्या वर्षापासून वाढलंय, पाळी संपली तरी दुखतं, शौचाला बसताना कळ येते. सोनोग्राफी नॉर्मल. वर्गाचं सांगा ना कोणी!

धुळे_सिस्टर: मी नर्स आहे. गर्भाशयाचं अस्तर प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सोडतं, त्याने गर्भाशय आवळतं, रक्त कमी पोचतं, म्हणून कळा. महिनोन्‌महिने तेच सोसलं की नसा हळव्या होतात, मग थोडंही जास्त दुखतं. दुखणं खरंच असतं, मनाचे खेळ नव्हेत. हे कळलं की धास्ती कमी होते, शेक, व्यायाम, गोळीची वेळ जमते. वर्ग चांगला असेल तर उपयोग होतो. पण शौचाची कळ आणि वाढतं दुखणं म्हणजे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार) आहे का ते आधी बघा. साध्या सोनोग्राफीत तो सुटू शकतो.

केळीबाग: गोळ्या नकोच. पाळीच्या दुखण्यावर देतात त्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडवर २०२३ मध्ये सरकारी इशारा आला होता.

धुळे_सिस्टर: तो दुर्मिळ अ‍ॅलर्जीबद्दल होता, गोळीवर बंदी नाही. ताप, पुरळ आलं तर थांबवून डॉक्टर गाठायचा. जेवून घ्या, कळ सुरू होतानाच घ्या. अ‍ॅसिडिटी, दमा, किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा.

भुसावळ_लाइन: शेक म्हणता, पण मे महिन्यात आमच्याकडे पंखासुद्धा गरम वारा फेकतो.

साक्रीरोड: रात्री गार झाल्यावर घ्या, पिशवीला टॉवेल गुंडाळून.

तापीकाठची: सिस्टर, आज फी भरत नाही, तारीख पुढे ढकलता येते का विचारते. जळगावात एंडोमेट्रिओसिस बघणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाई कोणी आहेत का? आणि बहिणीने डॉक्टरांना नेमकं काय काय सांगायचं?