लेकीच्या सासरी एल्कच्या शिकारीचे आमंत्रण आले आहे : जावे का, आणि गेल्यास काय सांभाळावे?

धरमपेठकर (नागपूर)

माझी मुलगी अकरा वर्षांपासून अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात आहे आणि तिचे सासर मूळचे तिथलेच आहे. त्या घरातली रीत अशी की, दर ऑक्टोबरमध्ये सासू-सासरे, दीर, जाऊ आणि मुले असे सगळे मिळून आठवडाभर डोंगरात तंबू ठोकतात व एल्क या तिकडच्या मोठ्या हरणाची शिकार करतात. नातू यंदा तेरा वर्षांचा झाला. त्याला स्वतःचा परवाना मिळाला असून आजी-आजोबांनी या खेपेस आलेच पाहिजे, असा त्याचा हट्ट आहे.

शिकार हा शब्द आमच्या घराला नवा नाही. माझे आजोबा भंडाऱ्याकडचे मालगुजार होते आणि त्यांनी मारलेल्या सांबराची शिंगे अजून आमच्या दिवाणखान्यात आहेत. वडिलांनी २००३ साली वनखात्याकडे त्यांची रीतसर नोंद केली होती. मात्र त्या काळची शिकार म्हणजे घरातले पुरुष आणि हाका घालणारी गावातली माणसे. बायका-मुलांचा संबंध यायचा तो रात्री चुलीवर चढणाऱ्या रश्श्यापुरता. सून, नात आणि सासूबाई एकत्र शिकारीला निघाल्या आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतच नाही.

माझे वय ६४ आहे, आम्हा दोघांचा पर्यटक व्हिसा आहे आणि पत्नी माळकरी आहे. तिथल्या कायद्याने मला बरोबर जाता येईल काय, आम्हा दोघांना तिथे करण्यासारखे काही असते काय, आणि नातवाने एखादे शिंग भेट दिले तर ते नागपूरला आणता येईल काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहाडातली प्रतापनगरकर

काका, मी लग्नानंतर इकडे कोलोरॅडोत आले त्याला सोळा वर्षे झाली. त्यांपैकी नऊ वर्षे आमच्या फ्रीझरमध्ये एल्कचे मांस आले आणि सात वर्षे आम्ही हात हलवत परत आलो, त्यामुळे नातवाला काही मिळेलच असे धरून जाऊ नका.

युरोपात ज्याला एल्क म्हणतात तो इकडचा मूस. इथला एल्क वेगळा. तो आपल्या सांबराचा थोराड भाऊ समजावा. नर तीनशे किलोंच्या आसपास भरतो, मादी सव्वादोनशेच्या. भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास नर माजावर येतात आणि एवढा दांडगा प्राणी बासरीच्या वरच्या पट्टीत शीळ घातल्यासारखा ओरडतो. प्रथम ऐकले तेव्हा मला ते पक्ष्याचेच वाटले होते.

आता कायदा. आपण शिकार न करता केवळ सोबत जाणार असाल तर परवाना लागत नाही. परंतु अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार पर्यटक व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगण्याची मनाई आहे, आणि एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हाती असणे यासारख्या मोजक्याच कारणांनी त्यातून सूट मिळते. म्हणून व्याह्यांनी कौतुकाने "धरा, एक फोटो काढू" म्हणत रायफल पुढे केली तरी हात जोडून नाही म्हणा. स्वतः परवाना काढायचा झाल्यास १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते, शिवाय बाहेरच्यांसाठीचे शुल्क इथल्या रहिवाशांच्या दहापटीहून अधिक असते. मोठ्या प्राण्यांच्या शिकारीला इथे बाराव्या वर्षापासून परवानगी आहे, मात्र सोळा वर्षांखालील मुलासोबत शिकार-शिक्षणाची अट पूर्ण केलेला प्रौढ माणूस असावा लागतो. त्यामुळे "चल बाळा, आपण दोघे पलीकडच्या टेकडीवर जाऊन येऊ" हे आपल्याला करता येणार नाही. त्याची आई, वडील किंवा ती अट पूर्ण केलेले दुसरे कोणी मोठे माणूस बरोबर हवेच.

कुटुंबाने मिळून शिकार करायची म्हणजे नेमके काय, हे मला पहिल्या वर्षी कळलेच नव्हते. गोळी झाडणे हे आठवडाभरातले एखाद्या मिनिटाचे काम, आणि तेही झाले तर. उरलेला वेळ बसून राहण्याचा, दुर्बिणीतून समोरची उतरण न्याहाळण्याचा आणि वारा ओळखण्याचा असतो. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि ऊन चढले की तीच हवा वर सरकू लागते. एल्कचे नाक इतके तिखट असते की हे गणित चुकले तर सगळा कळप आपल्याला दिसण्याआधीच पसार होतो. आमच्याकडे वाऱ्याचा अंदाज माझी अकरा वर्षांची मुलगी घेते. छोट्या बाटलीतली पावडर चिमूटभर उडवून ती कुठे जाते ते ती पाहते आणि तिने मान हलवली की तिचे वडीलसुद्धा जागा बदलतात.

प्राणी पडला की खरे काम सुरू होते आणि तेव्हा घरातला प्रत्येक हात लागतो. एल्कचे कातडे जाड असते. ते लवकर उतरवले नाही तर बाहेर बर्फ असतानाही हाडाजवळचे मांस आतल्या उष्णतेने नासते. तीन वर्षांपूर्वी मुलाने पहिली मादी मारली, तेव्हा मुलगी दोन्ही हातांनी तिचा मागचा पाय उचलून धरून उभी होती, मी आणि नवरा सुरीने कातडे सोडवत होतो आणि अंगातून इतकी वाफ निघत होती की माझा चष्मा पुनःपुन्हा धुरकट होत होता. मुलगा मात्र थोडा वेळ बाजूला जाऊन बसला होता. त्याला कोणी हाक मारली नाही. मग तो आपणहून आला आणि फरे, म्हणजे मांसल पाय, सुती पिशव्यांत भरून पाइनच्या फांदीला टांगू लागला. ‘जे’ नावाचे करड्या रंगाचे धीट पक्षी चरबीचे तुकडे उचलायला अगदी हाताजवळ येत होते. एकेक मागचा फरा वीस किलोंच्या घरात होता आणि गाडी चार किलोमीटरवर, म्हणजे त्या दिवशी आम्ही किती फेऱ्या घातल्या त्याचा हिशेब आपणच करा. चारही फरे आणि पाठीचे मांस काढून नेणे कायद्याने बंधनकारक आहे. शिंगे तेवढी घेऊन मांस टाकून देणे हा इथे गुन्हा आहे.

इथल्या हरणांत आणि एल्कमध्ये मेंदू पोखरणारा एक रोग आहे. तो माणसाला झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, तरी रोगी जनावराचे मांस खाऊ नये असाच वैद्यकीय सल्ला आहे. आम्ही डोके तपासणीला देतो आणि निकाल येईपर्यंत मांसाला हात लावत नाही. व्याह्यांकडेही हे करतात का, ते संकोच न करता विचारा.

शेवटचे म्हणजे उंची. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरवर आहे आणि हे तंबू बहुधा अडीच-तीन हजार मीटरवर असतात. डेन्व्हरला दोन-तीन दिवस थांबल्याशिवाय वर जाऊ नका, भरपूर पाणी प्या आणि डोके ठणकू लागले तर मुलांसमोर भिडेखातर गप्प बसू नका.

निवृत्त वनरक्षक साहेब

(हे नाव नातवंडांनी दिले आहे, मी वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झालो.)

मांस आणि शिंगे यांपैकी काहीही नागपूरला आणू नये. प्राणिजन्य पदार्थ भारतात आणण्यासाठी स्वच्छताविषयक आयात परवाना लागतो आणि तो प्रवाशाच्या बॅगेतल्या डब्यासाठी नसतो. शिंग तर विमानात चढवूच नये, कारण ते एल्कचे की सांबराचे हा वाद विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे घालण्याची वेळ कोणावरही येऊ नये. नातवाला शिंगच द्यायचे असेल तर ते त्याच्याच घरी आपल्या नावाने भिंतीवर लावावे. आपल्या दिवाणखान्यातील शिंगांची नोंद वडिलांच्या नावे असेल आणि ते हयात नसतील, तर वारसा म्हणून ती आपल्या नावे झाली आहे का, हे मात्र प्रवासाआधीच वन कार्यालयात विचारून घ्यावे. अनेक घरांत मूळ कागद असतो, पण त्यावरचे नाव मागच्या पिढीचे असते.

उमरेडची पायवाट

एवढी सविस्तर माहिती वाचूनही मला मूळ गोष्ट पटलेली नाही. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आपण कऱ्हांडला अभयारण्यात सांबर पाहायला पैसे मोजतो, आणि तेरा वर्षांच्या मुलाला जीव घेताना पाहण्यासाठी आजी-आजोबांनी इतक्या दूर जायचे, यात सोहळा कसला?

निवृत्त वनरक्षक साहेब

आपला प्रश्न योग्य आहे आणि आपल्याकडील शिकारबंदी उठावी असे मीही कधी म्हणणार नाही. पण दोन्हीकडची रानेच वेगळी आहेत. पेंच किंवा ताडोब्यात सांबराची संख्या आवाक्यात ठेवायला वाघ आणि रानकुत्रे आहेत. कोलोरॅडोतले लांडगे माणसाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपवले होते आणि मतदारांनी २०२० साली कौल दिल्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये ते पुन्हा सोडण्यात आले. बेसुमार शिकारीमुळे एल्कही तिथे एकेकाळी संपत आले होते. बाहेरून आणून त्यांची पुन्हा वाढ करावी लागली आणि आज अमेरिकेत सर्वाधिक एल्क त्याच राज्यात आहेत. त्या कामाला लागणारा पैसा बऱ्याच अंशी परवाना शुल्कातून आणि रायफल व काडतुसांवरील ११ टक्के करातून येतो. १९३७ च्या कायद्याने तो कर वन्यजीव संवर्धनासाठी राखून ठेवला आहे. तिथे रानातले मांस विकण्यास बंदी आहे, हेही लक्षात घ्यावे. आपल्याकडे शिकार बाजारासाठी आणि मिरवण्यासाठी झाली, म्हणून ती बंद करावी लागली. रोही आणि रानडुकरांनी रात्रीत उभे पीक आडवे केलेला विदर्भातला शेतकरी या विषयावर आपल्या दोघांपेक्षा वेगळेच बोलेल, पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

पहाडातली प्रतापनगरकर

पायवाट ताई, आमच्या घरातही माझा दीर शिकारीला येत नाही. तो येतो फक्त मांस वाहायला, आणि त्याला कोणी काही म्हणत नाही.

काकूंसाठी एक सुचवते. रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात शिकारीला बंदी आहे आणि त्याला लागूनच एस्टेस पार्क हे गाव आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात वा ऑक्टोबरच्या आरंभी गेलात तर संध्याकाळी कुरणाच्या कडेला बसून नरांची ती शीळ ऐकता येते. गावातल्या हिरवळीवरही कळप चरत असतात. तंबूवर जायचे असेल तर दोघांनीही भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घालाच. रायफलच्या हंगामात शिकाऱ्याला कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि डोक्यावर त्याच रंगाचे काही घालणे सक्तीचे आहे. सोबत्यांनीही ते घालण्यातच शहाणपण. हरणकुळाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, त्यामुळे नातवाचे काही बिघडणार नाही.

धरमपेठकर (नागपूर)

सर्वांचा आभारी आहे. वनकार्यालयात जाऊन आलो. शिंगांचा कागद खरोखरच अजून वडिलांच्या नावे आहे, अर्ज दिला आहे.

पत्नीशी बोलणे झाले. तिने एस्टेस पार्क मान्य केले आणि त्यानंतर तंबूवरही येईन म्हणाली, मात्र स्वतःचा स्टोव्ह आणि स्वतःची भांडी वेगळी ठेवण्याच्या अटीवर. मुलीच्या सासूबाईंनी फोनवर लगेच सांगितले की, त्यांच्या थोरल्या जावेचाही तंबूत असाच वेगळा कोपरा आहे. मी बंदुकीला हात लावणार नाही. माझ्या वाट्याला मांस वाहण्याचे काम आले आहे. गेल्या सोमवारपासून पाठीवरच्या पिशवीत दहा किलो तांदूळ घेऊन फुटाळा तलावावर फेऱ्या मारतो आहे. ओळखीचे लोक थांबवून रेशन कुठे मिळाले, असे विचारतात.

एकच विचारायचे राहिले. सावजी मसाला नेणार आहे; त्या मांसाचा रस्सा जमतो का?

पहाडातली प्रतापनगरकर

जमतो, पण बोकडाच्या अंदाजाने करू नका. एल्कच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे तर्री येण्यासाठी तेल सढळ घालावे लागते. पाठीचे मऊ मांस रश्श्यात वाया घालवू नका, ते तव्यावर नुसते परतून खा. रश्श्यासाठी नडगीचे मांस घ्या आणि कुकरमध्ये बोकडाच्या दुप्पट वेळ ठेवा. इतक्या उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळते, म्हणून उघड्या पातेल्यात ते रात्रीपर्यंत शिजणार नाही. कुकर मुलीकडे असेलच; शिटी तेवढी नागपूरहून जास्तीची आणा.