अ‍ॅनोरेक्सियाला मराठीत काय म्हणायचं?

पंचवटीकर: काकांना कावीळ झालीय. फाइलवर ताप, मळमळ आणि खाली अ‍ॅनोरेक्सिया असं लिहिलंय. चुलतबहिणीने गुगल केलं तर सगळ्या हडकुळ्या मॉडेल पोरी न् मानसिक आजार, ती म्हणे काका या वयात डाएटच्या नादी लागले की काय! मी म्हटलं अगं नुसती भूक लागत नाहीये, तर माझ्याशीच वाद. नेमका मराठी शब्द काय?

गंगापूररोड: तुमचंच बरोबर. बहीण म्हणतेय तो अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा, ते नाव लंडनच्या विल्यम गलने १८७३ च्या सुमारास दिलं. गंमत म्हणजे त्या आजारात भूक बऱ्याचदा लागते, माणूस ती दाबून धरतो, म्हणजे नावातच घोळ.

शुद्धमराठी: क्षुधानाश. प्रश्नच नाही.

सिडकोवाली: ओपीडीत बसून बोला की क्षुधानाश 😄 मी नर्स आहे. पेशंट सांगतात तोंडाला चव नाही, अन्न जात नाही, सटाण्याकडचे म्हणतात 'माले भूकच नही लागत'. आणि आजीबाई हमखास 'अन्नावरची वासनाच उडाली गं'. आमचे एक नवे डॉक्टर वासना ऐकून असे लाजले!

शुद्धमराठी: लोक काहीही बोलतील, तेच छापायचं का? अरुची तरी लिहा.

काढा_घ्या: अरुची वेगळी हो. भूक असते पण घास गोड लागत नाही ती अरुची, जठराग्नी मंद झाला तर अग्निमांद्य, अन्न बघूनच नको वाटलं तर भक्तद्वेष (इथे भक्त म्हणजे अन्न). माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात अरोचकाच्या, म्हणजे अरुचीच्या, कारणांत शोक, भय, क्रोधसुद्धा दिलेत, मनाचं काय ते त्यांनाही ठाऊक होतं. काकांना जेवणाआधी आलं-सैंधव द्या.

सिडकोवाली: काविळीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका प्लीज.

गोदाकाठ: अन् + रुची = अनरुची = अ‍ॅनोरेक्सी! शब्द आपलाच आहे, ग्रीकांनी ढापला.

गंगापूररोड: अहो नाही. 'अन्' तेवढा खरंच सख्खा भाऊ, आपलं अनादर, अनिच्छा तसंच. पण पुढचा ग्रीक शब्द ओरेक्सिस, म्हणजे भूक, ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ हात पुढे करणं, त्याचं नातं ऋजुशी, म्हणजे सरळशी. रुचीचा धातू रुच्, म्हणजे चमकणं, तिचं गोत्र लॅटिन लक्सचं, उजेडाचं.

गोदाकाठ: हे पण पाश्चात्यांनीच ठरवलं ना?

शुद्धमराठी: वासना शब्द जेवणाला लावणं मला तरी अश्लीलच वाटतं.

काढा_घ्या: आणि 'माझी काही खायची वासना नाही' घराघरात म्हणतात ते? मूळ संस्कृतात वासना म्हणजे मागे उरलेला संस्कार. वास् धातू, सुगंधित करणे. डबीतला हिंग संपतो, वास राहतो, तसं.

गोदाकाठ: चूक. वस् म्हणजे राहणे, मनात वस्ती करते ती वासना. निवास, वसती, सगळं तिथलंच.

सिडकोवाली: मग तांदळाला वास येतो तो कुठला म्हणे?

गोदाकाठ: तो वेगळा धागा काढा ताई.