उत्तर तर मोबाईलमधेही होतं, मग स्वतः विचार करण्यात एवढं काय आहे?

परवापासून डोक्यात घोळतंय म्हणून इथे विचारतोय. मुलीने विचारलं, बाबा शून्याने भागता का येत नाही? मी मोबाईल काढून उत्तर वाचून दाखवलं, तिने मान हलवली आणि पाच मिनिटांनी परत तोच प्रश्न. मग सहा पेन्सिली घेऊन बसलो. दोन-दोन उचलल्या, तीन वेळात संपल्या. आता शून्य-शून्य उचल म्हटलं तर ती नुसता रिकामा हात नेत राहिली आणत राहिली, आणि एकदम थांबून म्हणाली, "बाबा, या कधी संपणारच नाहीत!" तो चेहरा डोळ्यासमोरून जात नाहीये. मोबाईलमधेही तेच लिहिलं होतं की.

प्रतिसाद १
मराठीत आपण विचार 'करतो' पण म्हणतो आणि 'मला सुचलं' पण म्हणतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिला ते सुचलं. फ्रेंच गणिती आँरी पॉइनकारेने १९०८ मधे लिहिलंय, बरेच दिवस ज्या गणितावर डोकं फोडलं होतं त्यातलीच एक नवी गोष्ट प्रवासात घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताना अचानक सुचली, तेव्हा तो गणिताचा विचारही करत नव्हता. पण तोच पुढे सांगतो की आधी झटल्याशिवाय असं सुचत नाही. तुमच्या मुलीचं झटणं म्हणजे तो रिकामा हात.

प्रतिसाद २
मेंदू वजनाला शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीतसुद्धा जवळपास २० टक्के ऊर्जा तोच घेतो. म्हणजे आपण नुसते बसलोय असं वाटतं तेव्हाही आत काम चालूच असतं. मुलांना जरा रिकामं बसू द्या हो, लगेच काहीतरी हातात देऊ नका.

प्रतिसाद ३
मला सुचण्यापेक्षा त्याच्या आधीचं महत्त्वाचं वाटतं. तिने मान हलवली होती ना, विषय संपला होता, तरी ती परत आली, कारण आत कुठेतरी खटकत होतं. कळलं नाही हे स्वतःचं स्वतःला जाणवणं, आणि ते न लपवता परत येऊन विचारणं, विचाराची सगळी सुरुवात तिथे आहे. मी कितीतरी वर्षं नुसती मान हलवून काढलीत, शाळेत आणि नंतरही.

मूळ प्रश्नकर्ता
प्रतिसाद ३, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मला वाटलं होतं ती ऐकतच नाहीये. आज नवीन काढलंय, पेन्सिलीच शून्य असतील आणि शून्य-शून्यच उचलायच्या असतील तर? सगळ्या पेन्सिली तिनेच कंपासमधे ठेवल्यात आणि रिकाम्या टेबलाकडे बघत बसलीये. मीही शेजारी बसलोय, काही बोलत नाहीये.