मदत हवी आहे: जुन्या प्लेस्टेशनसारखा बोलणारा चेहरा कसा करायचा?

मी नागपूरची. पहिल्या प्लेस्टेशनच्या धाटणीचा छोटा गेम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करतेय, विषय आपली मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी पुतळ्यांची मिरवणूक. मिरवणुकीतली आजी "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" अशी आरोळी ठोकते, आणि तिथेच काम अडलंय.

१९९८ च्या 'मेटल गिअर सॉलिड' गेममधल्या थ्रीडी दृश्यांत ओठ हलतच नाहीत. पात्रं बोलताना फक्त मान हलवतात, तरी संवाद मनाला भिडतो. पण आरोळीला उघडं तोंड हवंच ना! निन्टेन्डोच्या 'विंड वेकर' गेममध्ये डोळ्या-तोंडाची सपाट चित्रं बदलून किती जिवंत भाव आणलेत. मला तोच मार्ग पटतो.

तर तोंडाची सगळी चित्रं एकाच टेक्श्चरवर (मॉडेलवर चिकटवायच्या चित्रावर) ठेवून यूव्ही (चित्राचा कुठला भाग चेहऱ्यावर दिसेल ते ठरवणारी मांडणी) सरकवू, की प्रत्येकाला वेगळं मटेरियल (पृष्ठभागाची सेटिंग) देऊ? आणि मराठीसाठी कमीत कमी किती आकार लागतील? 'मारबत'मध्ये म आणि ब दोन्हींना ओठ मिटतात, मध्ये मोठा आ. एवढं पक्कं. 'ऊ' आणि 'ए' वेगळे काढावेत का?

बर्डी, इतवारी, महाल भागात कोणाकडे चालू स्थितीतला पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर कृपया कळवा. एलसीडीवर चेहऱ्याचे पिक्सेल फार टोकदार दिसतात. आजी पिक्चर ट्यूबवर कशी दिसते, एकदा पाहायचंय.