लहान मुलांच्या पालकांसाठी ट्रॉमा-इन्फॉर्म्ड ग्रुप कोणी केलाय का?

सायली_पुणे:
मुलगा अडीच वर्षांचा. तो लोळण घेऊन किंचाळायला लागला की माझे हातपाय गार पडतात, काही सुचतच नाही, कारण आमच्या घरी आवाज चढला की पुढे मार ठरलेलाच असायचा. एका पॅरेंटिंग वर्कशॉपला गेले तर तिथे चांगलं वागलं की स्टार द्यायचा चार्ट आणि चिडला की बाजूला बसवायचा टाइम-आउट, अरे पण त्या क्षणी चार्ट आठवायला डोकं तरी चालू हवं ना! काउन्सेलर म्हणाली ट्रॉमा-इन्फॉर्म्ड, म्हणजे आपले जुने घाव लक्षात घेऊन चालवलेलं काहीतरी शोध. त्यात नेमकं वेगळं काय असतं? सगळ्यांसमोर लहानपणचं सांगावं लागतं का? ते मला जमणार नाही.

मेलबर्नची_मावशी:
मी इकडे सर्कल ऑफ सिक्युरिटी हा पालकांचा कोर्स केलाय, मूळचा अमेरिकेतल्या स्पोकेनचा, ८ भाग असतात. त्यात समुद्रकिनाऱ्याची एकच क्लिप दोनदा दाखवतात, आधी शांत संगीत लावून आणि मग शार्क येणार असं वाटणारं. दुसऱ्या वेळी तोच किनारा बघून पोटात गोळा येतो. त्याला ते शार्क म्युझिक म्हणतात. म्हणजे मूल नुसतं रडतंय, संगीत आपल्या डोक्यात वाजतंय. ते ओळखता आलं तरी खूप झालं. आणि नाही गं, जबरदस्तीने कोणी काही वदवून घेत नाही, मी तर सुरुवातीला गप्पच बसायचे.

रविकाका:
आम्ही पण वडिलांचा मार खाल्ला. आता पोर रडलं म्हणून आईबापाला कोर्स?

समुपदेशक_नाशिक:
काका, १९९८चा एस (ACE, म्हणजे बालपणीचे वाईट अनुभव) स्टडी बघा, कॅलिफोर्नियातल्या साडेनऊ हजारांवर मोठ्या माणसांचा. लहानपणी मारहाण, घरातली हिंसा असे अनुभव जितक्या प्रकारचे, तितकं पुढे डिप्रेशन, व्यसन, हृदयविकार यांचं प्रमाण जास्त दिसलं. पण सायलीताई, त्या अभ्यासाचा स्कोअर, म्हणजे असे किती प्रकारचे अनुभव आले तो आकडा, हे काही तुमचं भविष्य नव्हे, आणि अभ्यास करणाऱ्यांपैकीच रॉबर्ट अँडा यांनी २०२०मध्ये सांगितलंय की एकेका माणसाला जोखायला तो वापरू नका. त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून त्या स्कोअरचा फॉर्म भरून घेणारा ग्रुप असेल तर सरळ उठून या. आज काय होणार हे आधी सांगतात का, मधेच बाहेर जाता येतं का, न बोललेलं चालतं का, एवढं फोनवरच विचारा. नाव काहीही असो, याची उत्तरं गुळमुळीत आली तर ते ट्रॉमा-इन्फॉर्म्ड नाही. ग्रुप मिळेपर्यंत टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं, रात्रीही.

सायली_पुणे:
थँक्यू, ते तीन प्रश्न लिहून घेतले. नवऱ्याला नेता येतं का? त्याचं म्हणणं त्याला काही झालेलंच नाही.

मेलबर्नची_मावशी:
ने की. आमच्यात दोन बाबा होते, त्यातला एक 'मला काही झालेलं नाही'वालाच. शार्कच्या क्लिपला खुर्ची मागे सरकवून बसला 😄