सुपर-कामिओकांदेच्या पाण्यात गॅडोलिनियम कशासाठी?

प्रश्न: जपानमधील सुपर-कामिओकांदे या न्यूट्रिनो (पदार्थाशी क्वचितच क्रिया करणारे अतिसूक्ष्म कण) शोधकाच्या टाकीत सुमारे ५०,००० टन अतिशुद्ध पाणी आहे. ते इतक्या कष्टाने शुद्ध राखल्यावर २०२० मध्ये त्यात मुद्दाम गॅडोलिनियम या धातूचा क्षार का विरघळवला?

उत्तर १: प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनोचा प्रतिकण) पाण्यातील प्रोटॉनवर आदळला, की पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) आणि न्यूट्रॉन निर्माण होतात. पॉझिट्रॉनचा चेरेन्कोव्ह प्रकाश (वेगवान विद्युतभारित कणामुळे पाण्यात उमटणारी निळसर चमक) भिंतींवरील प्रकाशगुणक नलिका, म्हणजे अतिमंद प्रकाशही ओळखणारे संवेदक, लगेच टिपतात. न्यूट्रॉन मात्र हायड्रोजनने पकडला, तर केवळ २.२ एमईव्हीचा (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) गॅमा किरण निघतो आणि तो पार्श्वभूमीच्या गोंगाटात सहज हरवतो. गॅडोलिनियम न्यूट्रॉनचा मोठा खादाड असून तो सुमारे ८ एमईव्ही ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने सोडतो, त्यामुळे पाठोपाठ येणारी दुसरी चमक प्रतिन्यूट्रिनोची खूण ठरते.

प्रश्नकर्ता: पण मग पाणी गढूळ होत नाही का?

उत्तर २: गॅडोलिनियम सल्फेट विरघळल्यावरही पाणी पारदर्शक राहते. खरी अडचण वेगळीच होती: नेहमीची शुद्धीकरण यंत्रणा गॅडोलिनियमही काढून टाकते, म्हणून तेवढे सोडून बाकीची अशुद्धी गाळणारी यंत्रणा उभारावी लागली. क्षारातील युरेनियम, थोरियम आणि रेडियमचे अंशही अत्यल्प असावे लागतात. एवढा खटाटोप मुख्यतः प्राचीन काळी स्फोट झालेल्या ताऱ्यांपासून (सुपरनोव्हांपासून) विश्वभर पसरलेल्या क्षीण न्यूट्रिनोंच्या शोधासाठी आहे.